पेटी महाग पडतेय? ड्रॉइंग घेऊन आधी बेंडिंग मशिनपाशी उभे राहा

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केला आहे. बारामतीजवळ मित्राबरोबर शेतीपंपांचे ऑटोस्टार्टर पॅनेल बनवतो. आतापर्यंत बाजारातून तयार पेट्या आणून त्यात वायरिंग करायचो. आता पेटी आपल्या डिझाइनची हवी म्हणून कॅड शिकलो आणि ड्रॉइंग केलं. ३०० मिमी रुंद, ४०० उंच, १५० खोल. पहिला लॉट ५० नगांचा, चाललं तर वर्षाला ३००. भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरने दिलेला भाव माझ्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. दुसऱ्याने भावच दिला नाही, ‘आधी ड्रॉइंग बदला’ एवढंच म्हणाला. पत्रा १.६ वरून १.२ मिमी करू का? की तिसरा फॅब्रिकेटर शोधू? ड्रॉइंग सोबत जोडलं आहे.
– एक वाचक, बारामती

उत्तर :

भाव न देता ‘आधी ड्रॉइंग बदला’ म्हणणारा तो दुसरा फॅब्रिकेटर तुमच्या हिताचं बोलला. त्याचा नंबर जपून ठेवा, बहुधा काम शेवटी त्यालाच द्याल. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. पत्रा पातळ करून भाव तुम्हाला हवा तेवढा उतरणार नाही. आणि तिसरा माणूस हेच ड्रॉइंग बघून एक तर तोच भाव सांगेल, नाही तर कमी सांगून काम घेईल आणि मग ५० पेट्यांपैकी किती दारं नीट लागतात ते तुम्ही मोजत बसाल.

तुम्ही अंदाज बांधताना पेटीचं वजन काढलं असणार, त्याला पत्र्याचा किलोचा भाव लावला असणार आणि वर थोडी मजुरी धरली असणार. नवीन माणूस असाच हिशोब करतो. १.६ चा १.२ केला की पत्रा पाव हिश्शाने कमी लागतो, हे खरं. पण कापायची लांबी तेवढीच राहते, वाक तेवढेच, वेल्डिंग तेवढंच, ग्राइंडिंग तेवढंच. अशा कामात पैसा जातो तो त्या पत्र्याला माणसाचा हात किती वेळा लागतो आणि मशिनची सेटिंग किती वेळा बदलते, यात. तुमचं ड्रॉइंग मी याच नजरेने वाचलं. त्यात हात लावायच्या जागा फार आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बिनकामाच्या आहेत. तुम्हाला कुणी हे सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट जाडीची. बॉडी १.६, दार २, आतली माउंटिंग प्लेट (जिच्यावर सगळे भाग बसतात ती) ३ आणि वरचा छज्जा १ मिमी. एका पेटीत चार जाड्या. म्हणजे फॅब्रिकेटरने चार प्रकारचे पत्रे आणायचे, लेझरवर कापायच्या तुकड्यांची चार वेगवेगळी मांडणी (नेस्टिंग) लावायची आणि बेंडिंगला व्ही डाय (ज्या व्ही आकाराच्या खाचेत पत्रा दाबून वाकवतात ती) बदलत बसायचं. व्हीचं तोंड साधारण पत्र्याच्या जाडीच्या आठपट घेतात. १ मिमीला ८ चा व्ही, १.६ ला १२ चा, २ ला १६ चा, ३ ला २४ चा. दरवेळी डाय काढायची, दुसरी बसवायची, एक तुकडा वाकवून कोन बघायचा, मग काम सुरू. हा वेळ तुमच्या बिलात येतो, आणि ५० नगांच्या लॉटमध्ये तो चांगलाच बोचतो.

सगळं १.६ मध्ये करा. दार २ मिमीचं घेतलंत ते मधे दबू नये म्हणून, हे कळतं. पण चारही कडांना १५ मिमीचा वाक आला की ३०० बाय ४०० चं दार १.६ मध्ये आरामात ताठ राहतं. माउंटिंग प्लेटचं उदाहरण तर हिशोब करून बघण्यासारखं आहे. तुमची प्लेट २५० मिमी रुंद, सपाट, ३ मिमीची. तिच्याऐवजी १.६ ची प्लेट घेऊन दोन्ही लांब कडांना १२ मिमीचा वाक द्या. त्या लांबीच्या दिशेने ती ३ मिमीच्या सपाट प्लेटपेक्षा अडीचपट ताठ होते आणि वजन साठ टक्क्यांच्या आत येतं. ताठपणासाठी नवीन डिझायनर जाडी वाढवतो. पत्र्याच्या कामात आधी वाक द्यायचा असतो, जाडी नंतर.

१.२ मिमी अगदीच चालणार नाही असं नाही. या मापाच्या पेट्या १.२ मध्येही होतात. पण मग सगळंच १.२ करा, मिसळ नको. शिवाय तुमची पेटी शेतात विहिरीच्या काठावर, नाही तर खांबावर लागणार, तिला कुलूप अडकणार, टेंपोत एकावर एक रचून जाणार. पहिला लॉट मी १.६ मध्येच करीन.

आता बेंडिंग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या भावातला मोठा भाग इथे अडकलाय. दाराच्या चारही कडांना तुम्ही आधी १५ मिमीचा आणि मग पुन्हा आत वळणारा ६ मिमीचा वाक दाखवला आहे. प्रेस ब्रेकवर, म्हणजे बेंडिंग मशिनवर, हे कसं होतं ते बघा. ऑपरेटर पत्रा व्ही डायवर ठेवतो, मागे बॅकगेजला (माप ठरवणाऱ्या अडणीला) टेकवतो, पेडल दाबतो, पंच खाली येतो. पत्रा व्हीच्या पोटात जात असताना त्याच्या दोन्ही बाजू व्हीच्या दोन्ही खांद्यांवर टेकलेल्या हव्यात, वाक पुरा होईपर्यंत. १२ च्या व्हीसाठी त्याला निदान साडेआठ मिमीची कड लागते. तुमची कड ६ ची. ती मधेच खांद्यावरून घसरून आत पडते, वाक तिरका येतो, कडेवर ओरखडा उठतो. मग ऑपरेटर काय करणार? एक तर लहान व्ही लावून जास्त दाबाने वाकवणार, म्हणजे पत्र्यावर डायची खूण पडणार. नाही तर कड मोठी ठेवून वाकवणार आणि नंतर कापून घासणार. दोन्हीत वेळ जातो. त्यातून हा दुसरा वाक चारही बाजूंना असल्यामुळे शेवटच्या बाजूंना आधीच्या वळलेल्या कडा पंचाला आडव्या येतात, मग तुकड्यातुकड्यांचा पंच जुळवा.

ही ६ मिमीची कड तुम्ही कशासाठी घेतलीत? धार हाताला लागू नये म्हणून घेतली असेल, तर डिबरिंग केलं (कडेची धार घासून काढली) की काम भागतं. दार ताठ व्हावं म्हणून घेतली असेल, तर १५ चा वाक पुरेसा आहे. तेव्हा ती काढूनच टाका. एका दारामागे चार वाक वाचले, ५० दारांमागे २०० वाक.

वाकाच्या आतल्या गोलाईबद्दल. बॉडीला तुम्ही ०.५ लिहिली आहे, दाराला ३, छज्जाला १. व्ही डायवर हवेत (पत्रा व्हीच्या तळाला न टेकवता) वाकवताना आतली गोलाई पंचापेक्षा व्हीच्या तोंडावर ठरते. माइल्ड स्टीलला ढोबळ मानाने तोंडाच्या सहाव्या हिश्शाएवढी. १२ च्या व्हीत ती २ मिमीच्या आसपास येणार, तुम्ही काहीही लिहा. ०.५ चा आग्रह धरलात तर वेगळा पंच, वेगळा दाब. सगळीकडे २ लिहा आणि पुढे जा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे पत्र्याचं उलगडलेलं माप, वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याचं. तुम्ही लेझरसाठी थेट सपाट आकाराची डीएक्सएफ फाइल पाठवलीत, ती कॅडने आपल्या ठरलेल्या के फॅक्टरवर (वाकताना पत्रा किती ताणला जातो याच्या आकड्यावर) उलगडलेली आहे. तुमच्या फाइलमध्ये तो ०.५ दिसतो. २ ची गोलाई धरली तर त्या हिशोबाने बाहेरच्या मापांच्या बेरजेतून दर वाकाला २.८ मिमी वजा होतात. १.६ चा पत्रा, २ ची गोलाई आणि ०.४२ चा के फॅक्टर धरला तर ३ मिमी वजा व्हायला हवेत. फरक ०.२ चा, अगदी क्षुल्लक वाटतो. पण तुमच्या बॉडीला ओळीने चार वाक आहेत, म्हणजे शेवटच्या कडेपर्यंत ०.८ मिमी जास्तीचा पत्रा आला. बिजागरीच्या बाजूला एवढा फरक पडला तर दार घासतं. के फॅक्टर प्रत्येकाच्या डाय-पंचावर आणि पत्र्यावर थोडा वेगळा पडतो, म्हणून उलगडा फॅब्रिकेटरला करू द्या. तुम्ही तयार पेटीची बाहेरची मापं लिहिलेलं पीडीएफ आणि थ्रीडी आकाराची स्टेप फाइल द्या. स्वतःच उलगडायचं असेल तर आधी त्याच्याकडून दर वाकाची वजावट विचारून घ्या. तो आकडा त्याला तोंडपाठ असतो.

बिजागरीची भोकं वाकापासून ४ मिमीवर आहेत, ती अंडाकृती होणार. भोकाची जवळची कड वाकाच्या आतल्या पृष्ठापासून साधारण ६ मिमी तरी लांब हवी (जाडीच्या अडीचपट अधिक गोलाई, असा हिशोब धरा). दोन वाक जिथे कोपऱ्यात भेटतात तिथे रिलीफ दिलेला नाही. २ मिमी रुंद आणि ४ मिमी खोल खाच द्या, नाही तर कोपरा फाटतो.

आता एक गंमत दाखवतो, आणि यातच तुमचा पत्र्याचा खर्च सगळ्यात जास्त वाचेल. तुमची बॉडी म्हणजे डावी बाजू, पाठ, उजवी बाजू आणि पुढे २० मिमीच्या दोन कडा. बाहेरून मापं मिळवली तर १५० + ३०० + १५० + २० + २० = ६४०. चार वाकांचे १२ मिमी वजा केले की पत्रा लागतो ६२८ बाय ४००. बाजारात पत्रा १२५० बाय २५०० चा येतो. आता बसवून बघा. ६२८ दोनदा घेतले तर १२५६, रुंदीत मावत नाही. लांबीत चार घेतले तर २५१२, तिथेही १२ मिमीने हुकतं. उलटसुलट फिरवून एका पत्र्यात दहा बॉड्या निघतात. आता पेटीची खोली १५० ऐवजी १४० करा. पत्रा लागेल ६०८ बाय ४००. रुंदीत तीन वेळा ४००, लांबीत चार वेळा ६०८, मधे कापायला जागा सोडूनही बारा बॉड्या सरळ बसतात.

१.६ चा अख्खा पत्रा ३९ किलोच्या थोडा वर भरतो. दहा निघाल्या तर बॉडीमागे ३.९ किलो पत्रा खर्च, बारा निघाल्या तर ३.३ किलो. खुद्द बॉडीचं वजन मात्र फक्त १०० ग्रॅमने कमी झालं. बाकीचं सगळं भंगारात जाणारं लोखंड होतं. खरं सांगायचं तर उरलेल्या तुकड्यांतून वरखालची झाकणं काही प्रमाणात निघतात, त्यामुळे हा सगळा फरक जसाच्या तसा तुमच्या खिशात येणार नाही. तरीही बराच येईल. १४० चालेल का, हे मात्र तुम्हीच तपासा. तुमच्या पॅनेलमधला सगळ्यात खोल भाग बहुधा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा ट्रान्सफॉर्मर असेल. माउंटिंग प्लेट पाठीपासून जेवढी पुढे आहे ते अंतर, त्या भागाची खोली आणि दारावर बसवलेल्या स्विचचं मागे येणारं शेपूट, ही तीन मापं मिळवा. दारावरचा स्विच आणि प्लेटवरचा कॉन्टॅक्टर समोरासमोर येत असतील तर त्यातला एक बाजूला सरकवा. दहा मिमी तिथेच सुटतात.

वेल्डिंगकडे येतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलं आहे, ‘सर्व सांधे पूर्ण वेल्ड करून ग्राइंडिंगने गुळगुळीत करणे’. या एका ओळीचा भाव तुमच्या कोटेशनमध्ये कदाचित सगळ्यात मोठा असेल. १.६ च्या पत्र्यावर सलग वेल्ड मारला की तो उष्णतेने ओढला जातो, पुढच्या कडा वाकड्या होतात, दाराच्या गास्केटला (फट बुजवणाऱ्या मऊ पट्टीला) मधेच फट पडते. मग हातोडीने सरळ करा, घासा, खड्डा राहिला तर लांबी (पुट्टी) भरा. आणि साधी पुट्टी पावडर कोटिंगच्या (रंगाची पूड भाजून बसवायच्या) भट्टीत टिकत नाही, तिथे तापमान १८० ते २०० अंश असतं.

वरचं झाकण असं करा की त्याच्या कडा बॉडीच्या बाहेरून खाली उतरतील, डब्याच्या झाकणासारख्या. पावसाचं पाणी सांध्यावर थांबणार नाही, बाहेरूनच गळून जाईल. आतून दर ८०-१०० मिमीला २० मिमीचा छोटा वेल्ड पुरतो, आणि कोटिंग झाल्यावर आतून पॉलियुरेथेन (पीयू) सीलंटची एक रेघ ओढायची. बाहेरून ग्राइंडिंग लागतच नाही, कारण बाहेर वेल्ड नाही. झाकणाला दोन-तीन जिभा आणि बॉडीत त्यांच्यासाठी खाचा दिल्या, खाच जिभेपेक्षा ०.२ मिमीने मोठी, तर वेल्डरला फिक्स्चरही (भाग जागेवर धरायचा साचा) लागत नाही. भाग एकमेकांत अडकतात, काटकोन आपोआप मिळतो. लेझरवर त्या खाचा कापायला काही सेकंद लागतात, आणि वेल्डरचा गुण्या आणि क्लँप लावण्याचा वेळ प्रत्येक पेटीमागे वाचतो.

असे एकावर एक येणारे सांधे असले की एक काळजी घ्यावी लागते. पावडर कोटिंगच्या आधी पेटी स्वच्छ करायला साधारण सात टाक्यांतून जाते. त्यातलं पाणी आणि रसायन सांध्याच्या फटीत अडकून राहिलं तर भट्टीत ते बाहेर ओघळतं, डाग पडतो आणि पुढे तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून खालच्या बाजूला निचऱ्याची दोन ६ मिमीची भोकं ड्रॉइंगमध्येच दाखवा. पेटी बसवताना ती रबरी बुचाने बंद होतात. टांगायची भोकंही तुम्हीच ठरवून द्या. नाही दिलीत तर कोटिंगवाला त्याच्या सोयीने आकडा अडकवतो आणि नेमका दर्शनी भागावर उघडा पत्रा राहतो.

आता तुमच्या ड्रॉइंगमधला एक विरोधाभास. टीपेत आयपी ६५ लिहिलंय, म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा लूव्हर (हवेसाठी पत्र्यात उठवलेल्या फटी) दाखवलेत, शिवाय दारावर तुमच्या कंपनीचं नाव आरपार कापलंय. हे तिन्ही एका पेटीत नांदू शकत नाहीत. लूव्हरमधून धूळ जाते, पाऊस तिरका आला की पाणी जातं, आणि शेतातल्या पॅनेलमध्ये मुंग्या आणि पाली काय करतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल. तुमच्या पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टर, रिले आणि एक लहान कार्ड आहे, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) नाही. तेवढ्या उष्णतेला लूव्हरची गरज मला दिसत नाही. वरचा छज्जा दोन्ही बाजूंना थोडा पुढे काढून ऊन अडवणं जास्त उपयोगाचं. लूव्हर काढलेत तर आणखी एक फायदा आहे. ते लेझरवर होत नाहीत, त्यासाठी पत्रा टरेट पंचवर न्यावा लागतो, म्हणजे दुसरं मशिन, दुसरी सेटिंग, कधी कधी दुसरा कारखाना. नाव स्क्रीन प्रिंटिंगने छापा. आणि ग्राहकाने खरोखर ६५ मागितलेलं नसेल तर ५४ लिहा. शिंतोडे आणि धूळ यांच्यापासून ५४ ची पेटी नीट सांभाळते, आणि ती करायला पीयू फोमचं साधं गास्केट आणि बरी बिजागरी पुरते. ६५ लिहिल्यावर फॅब्रिकेटरला ते सिद्ध करून द्यावं लागेल, आणि तो त्याची जोखीम भावात धरणारच.

टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात किती फरक चालेल याबद्दल, मी थोडा आग्रहाने बोलतो. ड्रॉइंगच्या तळाशी ‘सर्व मापे ±०.१’ असं आहे. सपाट पत्र्यातली दोन भोकं लेझर तेवढ्या अचूक देतो. पण वाकाच्या पलीकडच्या मापाला ०.१ पाळायचं म्हणजे प्रत्येक नग मोजायचा, प्रत्येक वाकाला बॅकगेज हलवायचा आणि तरी काही नग बाद करायचे. फॅब्रिकेटर ही ओळ वाचतो आणि एक तर भाव वाढवतो, नाही तर तिच्याकडे काणाडोळा करतो. दुसरं जास्त वाईट, कारण मग खरंच महत्त्वाचं असलेलं मापही त्याच काणाडोळ्यात जातं. सर्वसाधारण मापांना आयएसओ २७६८ या टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग लिहा. त्यात ३० ते १२० मिमीच्या मापाला ±०.३ आणि १२० ते ४०० ला ±०.५ मिळतं. मग ज्या दोन-तीन जागा खरंच जपायच्या आहेत तिथेच वेगळं माप द्या. तुमच्या पेटीत त्या म्हणजे बिजागरीच्या भोकांमधलं अंतर आणि कुलपाची खाच. माउंटिंग प्लेट लावायची भोकं गोल ठेवू नका, ७ बाय १२ चे स्लॉट द्या. दोन्हीकडून अर्धा-पाऊण मिमी इकडेतिकडे झालं तरी प्लेट बसते, आणि प्लेट बसवणारा वायरमनही दुवा देतो.

१.६ च्या पत्र्यात एम४ (४ मिमीच्या स्क्रू) चं टॅपिंग करून, म्हणजे आटे पाडून, काही हाती लागत नाही. एम४ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७, म्हणजे सव्वादोन आटे. दोनदा कार्ड काढलं-घातलं की आटे गेले. त्याऐवजी प्रेसने बसणारे क्लिंच नट घ्या, आणि सगळीकडे एकाच मापाचे. एम५ घेतलात तर भोक ६.४ चं. काठापासून निदान ८ मिमी आत ठेवा. आज तुमच्याकडे एम३, एम४, एम५, एम६ असे चार प्रकारचे स्क्रू आहेत, त्याचा त्रास फॅब्रिकेटरपेक्षा तुमच्या स्वतःच्या जुळणीला जास्त होणार आहे. कोटिंगच्या वेळी नटांना सिलिकॉनची बुचं लावायला सांगा. अर्थिंगचा स्टड मात्र ड्रॉइंगमध्ये मला कुठेच दिसला नाही. तो घाला, दारालाही एक घाला, आणि दोन्हींच्या बुडाशी कोटिंग नको अशी ठळक टीप लिहा. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. ओल्या हाताने पंप चालू करणाऱ्या माणसाचा जीव या टीपेवर असतो, तेव्हा इथे पै वाचवायची नाही.

रंग तुम्ही स्वतःचा हिरवा मागितला आहे. ५० पेट्यांसाठी कोटिंगवाल्याला त्या शेडची पावडर खास मागवावी लागेल आणि पावडर फवारायचा बूथ धुऊन काढावा लागेल. पॅनेलवाल्यांकडे आरएएल (रंगांच्या ठरलेल्या यादीतले) ७०३२ आणि ७०३५ हे राखी रंग रोज चालतात, त्यांच्या फेरीत तुमच्या पेट्या सहज जातात. हिरवा रंग दारावरच्या स्टिकरमध्ये आणा. कोटिंगचा थर एका बाजूला ६० ते ८० मायक्रॉनचा असतो हेही लक्षात ठेवा. भोकाच्या व्यासात ०.१६ मिमीपर्यंत घट येते, त्यामुळे इंडिकेटर आणि पुशबटणाची भोकं तेवढी मोकळी घ्या.

खालच्या बाजूला केबल ग्लँडची (केबल आत शिरते तिथे ती घट्ट धरणाऱ्या जोडाची) पाच भोकं ठरवून ठेवलीत. कुणाला थ्री फेजची जाड केबल, कुणाला सेन्सरची वेगळी. पाचही भोकं सगळ्यांना कधीच जुळणार नाहीत. तिथे एक चौकोनी खिडकी आणि वेगळी कोरी ग्लँड प्लेट द्या. ज्याला जसं हवं तसं तिथे होलसॉने पाडता येतं, आणि तुमची पेटी एकच राहते. वर्षाला ३०० पेट्या एकसारख्या असणं हीच तुमची पुढची मोठी बचत आहे.

कागदावरची दुरुस्ती झाली की जाड पुठ्ठा घ्या, बॉडी आणि दार खऱ्या मापात कापा आणि हाताने वाकवून बघा. कुठला वाक आधी, कुठला नंतर, हे बोटांना कळतं. एखादी कड आधी वळवल्यामुळे दुसरी वळवायला जागाच उरली नाही, तर ती पंचालाही उरणार नाही. मग तो पुठ्ठा आणि ड्रॉइंग घेऊन त्या दुसऱ्या फॅब्रिकेटरकडे जा, ऑफिसमध्ये न थांबता बेंडिंग मशिनपर्यंत जा आणि ऑपरेटरला दाखवा. त्याला विचारा की हे तू कुठल्या क्रमाने वाकवशील आणि यात तुला नको असलेलं काय आहे. डिझाइन करणारे लोक या माणसाशी बोलत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. भोसरीत असो, चाकणला असो की कोल्हापूरच्या शिरोलीत, रोज शेकडो वाक मारणाऱ्या या माणसांना कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळतं, आणि विचारलं की ते मनापासून सांगतात. जमलं तर नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या पॅनेलवाल्याकडेही विचारा. इलेक्ट्रिकल पेट्या त्यांच्याकडे रोजच्या, त्यामुळे कुलूप, बिजागरी, गास्केट यांची तयार मापं त्यांच्याकडे असतात. त्यांच्या नेहमीच्या कुलपाची खाच तुमच्या दारात घेतलीत तर तेवढंच काम हलकं.

पत्रा कापताना ऑक्सिजन वापरणार की नायट्रोजन किंवा हवा, हेही विचारून घ्या. ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर काळी ऑक्साइडची पापडी राहते, ती काढली नाही तर कोटिंग कडेपासून सुटतं. कोटेशन ५० आणि ३०० अशा दोन्ही संख्यांचं मागा, आणि कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, कोटिंग वेगवेगळं लिहून मागा. कुठला आकडा फुगलाय ते दिसलं की पुढचा बदल कुठे करायचा हे तुम्हालाच कळेल.

ऑर्डर देण्याआधी दोन नग कोटिंग न करता मागवा. त्यात तुमचा खरा कॉन्टॅक्टर, खरी केबल, खरे ग्लँड बसवा, दार शंभर वेळा उघडून बंद करा, वरून पाइपने पाणी मारून आत टिश्यू पेपर ओला होतो का ते बघा. जिथे अडेल तिथे पत्र्यावरच मार्करने खूण करा आणि तो खुणा केलेला नग फॅब्रिकेटरला परत न्या. उरलेले ४८ त्यानंतर.